पडद्यापुढचा एक तास

ग्वांगझू ते च्वांझू हे अंतर विमानाच्या वाटेने साधारण पावणेसहाशे किलोमीटर भरते. मुंबईहून हैदराबादला जाण्याइतके, किंवा त्याहून थोडे कमीच. विमान हवेत असते जेमतेम तासभर. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी इब्न बतूता याच दोन शहरांमध्ये नदीच्या वाटेने गेले, तेव्हा त्यांना २७ दिवस लागले असे त्यांच्या सफरनाम्यात आहे. रोज दुपारी होडी एखाद्या गावाला लागायची, लागेल ते सामान विकत घेतले जायचे, जोहरची नमाज व्हायची आणि संध्याकाळी पुढचे गाव. दोन शहरांना जोडणारी एकच सलग नदी नकाशावर सापडत नाही, म्हणून काही इतिहासकार या भागाबद्दल शंका घेतात. तरी दुपारी थांबून नमाज पढत जाणारी ती होडी आमच्या मनात घर करून बसली होती.

च्वांझू म्हणजे अरबांचे ‘जैतून’. नाव ऐकून ऑलिव्हची झाडे डोळ्यांपुढे येतात, पण तिथे ऑलिव्ह नाही हे इब्न बतूतांनीच नोंदवून ठेवले आहे. मूळ चिनी नाव ‘त्सथोंग’, त्याचे अरबी व्यापाऱ्यांच्या तोंडी जैतून झाले. आता गंमत अशी की त्सथोंग म्हणजे आपला पांगारा. कोकणात कुंपणाला लावतात, फाल्गुनात लालभडक फुलतो, तोच. एवढ्या दूरच्या बंदराचे नाव आपल्या परसातल्या झाडावरून पडले आहे हे कळल्यावर अब्बांनी हट्टच धरला की चीनला जायचे तर जैतूनला गेल्याशिवाय परतायचे नाही.

अब्बा आयुष्यभर मालवाहू जहाजांवर खलाशी होते. कोकणातल्या किती मुस्लिम घरांची चूल बोटीवरच्या पगारावर पेटली हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. चीनची दोन-तीन बंदरे त्यांनी पाहिलेली, पण ती गोदीच्या फाटकापर्यंतच. आता वय ७३, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमाने २०२० पासून बंद होती. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी कोलकात्याहून ग्वांगझूचे विमान पुन्हा सुरू झाले आणि आमची दिवाळीची सुट्टी अजून शिल्लक होती. आम्ही दोघे आणि अब्बा, असे तिघे निघालो.

ग्वांगझूत त्या दिवसांत कँटन फेअर भरला होता. १९५७ पासून दर वसंतात आणि शरदात भरणारी ही जत्रा म्हणजे जगभरच्या व्यापाऱ्यांचा उरूसच. हॉटेल, टॅक्सी, विमान, सगळीकडे गर्दी. च्वांझूच्या दुपारच्या विमानात साध्या वर्गाच्या तीन जागा एकत्र मिळेनात. बिझनेस क्लासच्या होत्या, साध्या भाड्याच्या साधारण दीडपटीने. रेल्वेने चार-पाच तास लागले असते आणि अब्बांच्या गुडघ्यांना एवढे बसवेल का ही धास्ती होती.

रात्री हॉटेलच्या खोलीत यावर बराच खल झाला. एका तासासाठी दीडपट पैसे, हा इसराफ नव्हे काय? शाळेत मुलांना नळ बंद करायला सांगताना आम्ही वुजूच्या पाण्याचा दाखला देतो, की वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी वाया घालवू नका. मग इथे? दुसरी बाजू अशी की म्हाताऱ्या माणसाची सोय ही चैन नव्हे. पण मग एकाच माणसाला पुढे बसवून आम्ही दोघे मागे का बसू नये? मागे जागाच नव्हत्या, म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला. अब्बा हे सगळे ऐकत पडले होते. म्हणाले, “तिकीट काढा नाहीतर नका काढू, पण दिवा बंद करा. झोपू द्या.”

बिझनेस क्लासचा अर्थ आम्हाला विमानात कमी आणि विमानतळावर जास्त कळला. ग्वांगझूच्या विमानतळाचे नाव ‘बायुन’, म्हणजे पांढरा ढग, आणि पसारा एवढा की आमचे अख्खे तालुक्याचे गाव त्यात मावावे. साध्या वर्गाच्या रांगा वळणे घेत गेलेल्या, आमच्या खिडकीपुढे दोनच माणसे. चिनी लोक ओळखपत्र यंत्राला दाखवून सरळ पुढे जातात. परदेशी पासपोर्टवाल्याला मात्र खिडकीवरच जावे लागते, त्यामुळे रांग छोटी असण्याचा फायदा आमच्यासारख्यांना दुप्पट. आमच्या तिकिटावर माणशी ३० किलो सामान चालत होते, साध्यावर २०. अब्बांच्या पिशवीत सगळे मिळून ९ किलो.

सुरक्षा तपासणी चीनमध्ये कडक असते. छत्रीसुद्धा पिशवीतून काढून वेगळी ठेवायची, लायटर आणि काडेपेटी कुठेच न्यायची नाही. आणि २८ जून २०२५ पासून पॉवर बँकेचा नवा नियम आहे, तो इथून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. ज्या पॉवर बँकेवर चीनचे ‘३सी’ हे प्रमाणचिन्ह नाही, ती देशांतर्गत विमानात चालत नाही. आपल्याकडून नेलेल्या बहुतेकांवर ते नसते. आम्ही आधी वाचले होते म्हणून ती नेलीच नाही, पण आमच्या पुढच्या व्यापाऱ्याची टोपलीत गेली आणि त्याने बराच वेळ हुज्जत घातली. इथे मात्र बिझनेसची रांग आणि साधी रांग यांच्यात रांगेच्या लांबीपलीकडे काही फरक नाही. छोट्या चौथऱ्यावर उभे करतात, हात पसरायला लावतात, यंत्र फिरवतात. बायकांना बाई तपासते. अब्बांच्या गुडघ्याचा पट्टा त्यांनी सोडून पाहिला आणि परत नीट बांधूनही दिला.

लाउंजमध्ये मोठ्या खुर्च्या, शांतता, आणि एका कोपऱ्यात आचारी समोर उकळून देत असलेल्या शेवया. वास फार छान होता. पण मांसाच्या रस्श्यातल्या होत्या, म्हणून त्या आमच्या नव्हत्या. उकडलेली अंडी, शेंगदाणे, संत्री आणि चहा यावर आम्ही भागवले. खरे तर हलाल खाण्याची चीनमध्ये आम्हाला वाटली होती तेवढी अडचण आली नाही. छिंगहाय आणि गान्सू या वायव्येकडच्या प्रांतांतले मुस्लिम चीनभर ‘लानझू बीफ नूडल्स’ची छोटी दुकाने चालवतात. हाताने ओढून केलेल्या शेवया, गरम रस्सा, वरून मुळ्याच्या चकत्या. ग्वांगझूत तीन दिवस आमचे जेवण अशाच एका दुकानात झाले. दुकानाच्या पाटीवर ‘छिंग-झन’ ही दोन अक्षरे शोधायची. छिंग म्हणजे निर्मळ, झन म्हणजे सत्य. हलालला तिथे हाच शब्द, आणि मशिदीलाही ‘छिंगझनस’, निर्मळ सत्याचे घर. किती सुंदर नाव! आम्ही ही दोन अक्षरे कागदावर लिहून खिशात ठेवली होती. पूर्वी अशा पाट्यांवर अरबीतही ‘हलाल’ लिहिलेले असे. २०१९ मध्ये बीजिंगमधल्या दुकानांना ती अरबी अक्षरे काढायला लावली. वायव्येत अनेक मशिदींचे घुमट उतरवले गेले, शीनिंगच्या मोठ्या मशिदीचे २०२१ मध्ये. शिनजियांगच्या उईघुर भावंडांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ मध्ये काय म्हटले तेही आम्ही वाचलेले होते. पाहुणा म्हणून फिरताना या गोष्टी विसरता येत नाहीत, आणि समोर शेवया वाढणारा माणूस सलामाला सलामाने उत्तर देतो तेव्हा त्याला त्याबद्दल विचारताही येत नाही.

जोहरची वेळ लाउंजमध्येच झाली. धार्मिक विधी नोंदलेल्या जागेतच करावेत असा तिथला नियम असल्याने चारचौघांत मुसल्ला पसरणे आम्ही टाळले. आम्ही शाफई. सफरीत जोहर आणि असर एकत्र पढण्याची सवलत आमच्या मजहबात आहे, म्हणून दोन्ही नमाजा कसर करून च्वांझूला पोचल्यावर असरच्या वेळेत पढायच्या अशी नियत केली. अब्बा म्हणाले, “बोटीवर आम्ही इंजिनाच्या खोलीबाहेर पढायचो. तिथे कोण बघत नव्हते.”

विमान दूरच्या तळावर उभे होते. साध्या वर्गाला मोठी बस, आम्हा पुढच्यांना छोटी गाडी, आत मऊ आसने. मोठी बस अजून भरत होती तेव्हा आमची गाडी निघाली. विमानाखाली उतरलो तर समोर जिना, वीस-बावीस पायऱ्यांचा. ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप केला, त्या गुडघ्यांना नेमके हेच चढायचे होते आणि त्यात बिझनेस क्लासची काही मदत नव्हती. चाकांची खुर्ची जिन्याच्या पायाशी थांबली. उचलून नेणारी गाडी आधी सांगितली तर मिळते, असे खुर्चीवाल्या मुलाने फोनवर भाषांतर करून दाखवले. अब्बांनी त्याचा फोन बाजूला केला, कठडा धरला आणि आडवे पाऊल टाकत एकेक पायरी चढून गेले. जहाजाच्या लटकत्या शिडीवर आयुष्य गेलेल्या माणसाला हलत नसलेला जिना म्हणजे काय! वर पोचेपर्यंत मात्र चेहरा घामाने भिजला होता.

पुढच्या भागात दोन ओळी, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशी एकूण आठ आसने. आसन रुंद, पाय सरळ पसरण्याइतकी जागा, पण पलंगासारखे आडवे होणारे वगैरे काही नाही. ते लांबच्या विमानांत. बसल्या बसल्या गरम पाण्यातून पिळलेला रुमाल आला, कागदी पाकिटात सपाता आल्या. त्यांच्या मागोमाग एअर होस्टेस आली. वय आमच्या बारावीच्या माजी विद्यार्थिनींएवढे. ती अब्बांच्या आसनापाशी एक गुडघा टेकून खाली बसली आणि पासपोर्टवरचे त्यांचे आडनाव घेऊन, अडखळत, हसत, स्वागताचे चार शब्द बोलली. तिथल्या विमानांत पुढच्या वर्गाच्या प्रवाशाशी असे बोलायची पद्धत आहे. उभ्याने वाकून बोलण्यापेक्षा डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलणे जास्त अदबीचे, असा त्यामागचा विचार असावा.

अब्बा गडबडले. त्यांनी दोन्ही हातांनी तिला उठायची खूण केली. “उठ बेटी, उठ. गुडघे असे वापरायचे नसतात.” तिला अर्थातच काही कळले नाही. काहीतरी हवे आहे असे समजून ती आणखी जवळ सरकली. शेवटी आम्ही फोनवर चिनी अक्षरांत लिहून दाखवले की आजोबा म्हणतात, कृपया उभ्याने बोला. तिने ते वाचले, मागच्या वरिष्ठ बाईकडे पाहिले, आणि पुन्हा गुडघ्यावरच बसून आमचे आभार मानले. नियम तो नियम. पुढे दर वेळी ती आली की अब्बा खिडकीबाहेर बघू लागायचे.

दारे बंद झाली आणि विमान जागेवरच थांबले. चीनच्या आकाशाचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात असतो. प्रवासी विमानांना ठरलेल्या अरुंद वाटांनी जावे लागते, आणि गर्दी झाली की जमिनीवरच थांबवतात. तिथल्या प्रवाशांना याची एवढी सवय की कोणी चेहराही वाकडा करत नाही. आम्ही ५० मिनिटे तसेच उभे होतो. म्हणजे उडण्याच्या वेळेइतकेच जवळजवळ. पुढे चहा आला, शेंगदाणे आले. मागे पडद्याआड एक मूल रडत होते.

याच वेळात ती गोष्ट घडली. पडदा बाजूला सारून एक म्हातारी पुढे आली. हातात काठी, पाठीत वाकलेली, बहुधा चौथ्या-पाचव्या ओळीतली. पुढचे स्वच्छतागृह तिच्यापासून चार पावलांवर, मागचे विमानाच्या शेपटाशी, आणि मधल्या वाटेत लोक उभे. वरिष्ठ होस्टेसने तिला फार नम्रपणे, खांद्याला हात लावून, मागे वळवायला सुरुवात केली. पुढचे स्वच्छतागृह आठ जणांसाठी. म्हातारीने वादही घातला नाही, ती वळलीच.

अब्बा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, आधी पुढे सरकायचे, मग दोन्ही हातांनी जोर लावायचा. ते उठले आणि वाटेत उभे राहिले, स्वतःकडे बोट दाखवले, मग म्हातारीकडे, मग स्वच्छतागृहाच्या दाराकडे. अर्थ सरळ होता, माझी पाळी तिला द्या. होस्टेस दोन क्षण थांबली. पलीकडच्या आसनावरच्या सूटवाल्या गृहस्थांनी चिनीत तिला काहीतरी म्हटले, दोनच शब्द. मग दार उघडले गेले. म्हातारी बाहेर आली तेव्हा अब्बा अजून उभेच होते, कारण बसून पुन्हा उठणे त्यांना नको होते आणि खरोखर त्यांनाही जायचे होते. तिने त्यांच्या दंडावर थोपटले, जशी आपल्याकडची म्हातारी थोपटेल तशी, आणि पडद्यामागे गेली.

आम्हाला त्या वेळी इब्न बतूताच आठवले. दिल्लीच्या सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्यांना चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले, तेव्हा ते दौलताबाद, नंदुरबार करत आपल्याच मुलखातून खंबायतकडे आणि तिथून समुद्रमार्गे कालिकतला उतरले. कालिकतच्या बंदरात चिनी जंक जहाजे उभी होती. त्यांचे वर्णन त्यांनी मन लावून केले आहे. चार मजले, तीनपासून बारापर्यंत शिडे, हजार माणसे, आणि श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी कुलूप लावता येईल अशा खोल्या. उत्तम खोलीला स्वतःचे शौचालय. इब्न बतूतांनी आपल्या कबिल्यासाठी तशीच खोली मागितली. उत्तर मिळाले की त्या सगळ्या चिनी व्यापाऱ्यांनी येण्याजाण्यासाठी आधीच घेऊन ठेवल्या आहेत. एक खोली आहे, पण तिला शौचालय नाही. त्यांनी ती घेतली, मग ती अडचणीची वाटली म्हणून आपले सामान आणि माणसे शेजारच्या लहान जहाजावर हलवली, आणि स्वतः जुम्याच्या नमाजेसाठी किनाऱ्यावर थांबले. रात्री वादळ झाले. सुलतानाच्या नजराण्याचे मोठे जंक फुटून गेले, लहान जहाज त्यांना किनाऱ्यावर सोडून निघून गेले, आणि त्यांच्याजवळ नेसत्या कपड्यांखेरीज फारसे काही उरले नाही. म्हणजे पुढच्या वर्गाची मारामार आणि तिथल्या शौचालयावरचा हक्क ही गोष्ट आजची नाही. अब्बांना हे सांगितले तर ते म्हणाले, जहाजावर फर्स्ट क्लासचे लोक आणि खलाशी यांचे शौचालय वेगळे असते हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही.

एकदाचे उडालो. ग्वांगझूचे उंच मनोरे, पर्ल नदीचे फाटे, मग ढग. एवढ्या छोट्या उड्डाणात जेवण म्हणजे घाईच असते. वर पोचायला पंधरा-वीस मिनिटे, आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी सगळे आवरून कर्मचाऱ्यांना बसायचे असते. मधल्या वेळात काय ते वाढायचे. पलीकडच्या गृहस्थांना पांढरे कापड अंथरून चिनी मातीच्या भांड्यांत भात, मासा, कापलेली फळे आली, सोबत लाल दारूचा पेला. आम्हालाही पेला विचारला. नको म्हटल्यावर तिने तो चटकन उचलून नेला, एकदाही आग्रह न करता.

मुस्लिम जेवण २४ तास आधी सांगावे लागते. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीकडून आम्ही तसा फोन करवला होता, तरी ते येईपर्यंत धाकधूक होती. कारण मुस्लिम म्हणजे डुक्कर न खाणारा, एवढाच अर्थ तिथे पुष्कळांना ठाऊक असतो. कोंबडी दिली की झाले असे त्यांना मनापासून वाटते, आणि त्यात त्यांचा काही दुष्टावा नसतो. कोंबडी कापली कोणी आणि कशी, हा पुढचा प्रश्न समजावायला फोनमधले भाषांतर अपुरे पडते. तिने तीन ट्रे आणले. मातीच्या भांड्यांऐवजी मोहोरबंद ॲल्युमिनियमचे डबे, प्लास्टिकचा चमचा, आणि झाकणावर हिरव्या कागदावर ती दोन अक्षरे, छिंग-झन. आम्ही खिशातला कागद काढून ताडून पाहिले. तीही वाकून पाहू लागली, आणि जुळल्यावर आमच्याइतकीच खूश झाली.

डब्यात गोमांसाचे तुकडे, गाजर आणि भात. मीठ बेताचे, चव चांगली. अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून झाकण काढले, पलीकडच्या मातीच्या ताटाकडे पाहिले, आपल्या डब्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मागे बसलो असतो तरी हाच डबा मिळाला असता की.” ते खरे होते. त्यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ले. आम्हाला मात्र अर्धेच संपवता आले. ट्रे उचलायला आलेली मुलगी घड्याळाकडे बघत होती आणि विमान खाली वाकू लागले होते.

च्वांझूचा विमानतळ जिनजियांगला आहे, बुटांच्या कारखान्यांसाठी चीनभर प्रसिद्ध असलेल्या गावात. तिथे विमान थेट पुलाला लागले, जिना नाही. पुढचे आठ जण आधी उतरले आणि तोपर्यंत मागच्यांना पडद्याआड थांबवून ठेवले होते. अब्बा दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्ची आली तरी बसेनात. ती काठीवाली म्हातारी बाहेर आली, तिच्याबरोबरच्या मुलाने त्यांना हात केला, तेव्हा कुठे ते बसले. आमच्या पिशव्यांना ‘आधी’ची पट्टी लावली होती, पण त्या पट्ट्यावरून सगळ्यात शेवटी आल्या.

टॅक्सी थेट छिंगजिंग मशिदीला केली. मशिदीवरच्या अरबी लेखाप्रमाणे ती हिजरी ४०० मध्ये, म्हणजे इसवी १००९-१० मध्ये बांधली गेली आणि तीनशे वर्षांनी शिराझच्या एका हाजींनी तिची दुरुस्ती केली. करड्या दगडाची उंच कमान थेट रस्त्यावर उभी आहे. शेजारी चिनी देवळात उदबत्त्यांचा धूर चाललेला. जुन्या मोठ्या सभागृहाचे छत कधीच गेले आहे. दगडी भिंती, खांबांचे बुंधे आणि भिंतीत कोरलेल्या कुरआनच्या आयती उघड्या आभाळाखाली आहेत. आतल्या बाजूच्या छोट्या दालनात नमाज होते. वुजूच्या नळाला कोमट पाणी होते. अब्बांनी खुर्चीवर बसून आणि आम्ही उभ्याने, जोहर दोन रकात आणि असर दोन रकात पढलो. सूर्य मावळायला तास-दीड तास राहिला होता. इमामसाहेबांनी अब्बांना कुठून आलात म्हणून विचारले. ‘हिंद’ एवढा एकच शब्द दोघांना समान होता, तेवढ्यावर दोघे बराच वेळ एकमेकांचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी लिंगशानच्या टेकडीवरच्या जुन्या मजारी पाहिल्या, आणि तिथला १४१७चा शिलालेखही, ज्यात मुस्लिम घराण्यातला दर्यावर्दी झेंग ह याने सफरीआधी येऊन दुआ मागितल्याची नोंद आहे. टेकडी चढताना अब्बा तीन वेळा बसले. त्यावर वेगळे लिहायला हवे.

परतीच्या विमानात पुन्हा पुढच्याच जागा शिल्लक होत्या. आम्ही काही बोलण्याआधी अब्बांनी विचारले की रेल्वेत उठून चालता येते का. येते म्हटल्यावर त्यांनी रेल्वेच सांगितली. त्या वेगवान गाडीतही बिझनेस नावाचा वर्ग असतो. आम्ही दुसऱ्या वर्गाची तिकिटे काढली, एका ओळीत तीन आणि दोन अशी आसने. दर डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. अब्बा दर अर्ध्या तासाने उठून, आसनांच्या पाठी धरत धरत, त्या नळापर्यंत जायचे, थर्मास भरायचे आणि परत यायचे. तिसऱ्या फेरीपासून शेजारच्या दोन बायका आपापले थर्मास त्यांच्या हातात देऊ लागल्या.